अभिमान, अहंकार आणि गोपनीय अहवालातील एक शेरा

'अभिमान' हा शब्द मराठीत दोन्ही पंगतींना बसतो. देशाभिमान, स्वाभिमान, भाषाभिमान असे म्हटले की तो सद्गुण ठरतो. देहाभिमान किंवा दुरभिमान म्हटले की दोष. गीतेच्या सोळाव्या अध्यायात अभिमानाची गणना दंभ आणि दर्प यांच्याबरोबर आसुरी संपत्तीत झाली आहे. आणि आपण मात्र मुलाला बक्षीस मिळाले की 'आम्हाला तुझा अभिमान वाटतो' असे सहज म्हणून जातो. भाषेतच इतका संभ्रम असल्यावर माणसाच्या मनात तो असावा, यात नवल नाही.

काही महिन्यांपूर्वी एका प्रशिक्षण वर्गात नव्याने सेवेत आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने मला विचारले, "सर, स्वाभिमान कुठे संपतो आणि अहंकार कुठे सुरू होतो, हे अधिकाऱ्याने कसे ओळखावे?" मी त्याला पुस्तकी उत्तर दिले. वर्गाला ते पसंतही पडले. परंतु परतताना मनाला रुखरुख लागली, कारण या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले खरे उत्तर वेगळे होते आणि ते मी वर्गात सांगितले नव्हते. ते उत्तर कडकोळ नावाच्या एका गावात मला मिळाले, आणि ते समजायला मला चार वर्षे लागली. या लेखात ते लिहून काढतो.

कडकोळ हे म्हैसूरच्या दक्षिणेस, नंजनगूडच्या वाटेवर आहे. म्हैसूरहून चामराजनगरला जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे लहानसे स्थानक आहे आणि गावालगत औद्योगिक वसाहत आहे. २००६ च्या जानेवारीत मी तेथे तपासणीसाठी गेलो होतो. अर्थशास्त्रात एम.ए. करून केंद्र सरकारच्या सेवेत आलेला, सदतिशीच्या उंबरठ्यावरचा मी, म्हैसूरला बदली होऊन दीड वर्ष झाले होते. घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्याच्या एका नमुना पाहणीची जबाबदारी माझ्याकडे होती आणि त्या गावातील कुटुंबांची यादी आमच्या एका अन्वेषकाने केली होती. वयाने तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, म्हैसूर जिल्ह्यातलाच, कामाला चोख आणि बोलायला मोजका.

वसाहतीच्या कडेला कामगारांच्या खोल्यांची एक चाळ होती. एका खोलीत चार पुरुष राहात होते आणि यादीत त्या एका खोलीसमोर चार कुटुंबे लिहिलेली होती. मी ते पाहून हसलो आणि पेनाने तीन ओळींवर काट मारली. "एक खोली, एक कुटुंब," मी म्हणालो. अन्वेषक शांतपणे म्हणाला, "सर, चूल वेगळी आहे." मी म्हणालो, "दहा वर्षे मी ही कामे करतो आहे." त्यावर काही न बोलता त्याने दार ढकलून आत दाखवले. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्टोव्ह होते आणि प्रत्येकापाशी वेगळे डबे. त्याने त्या माणसांना कानडीत काही विचारले, त्यांनी काही सांगितले आणि भोवती जमलेले दहा-पंधरा लोक मोठ्याने हसले.

माझे कानडी तेव्हा बसचा फलक वाचण्यापुरते होते. ते माझ्यावर हसले, असे मी धरून चाललो.

वाचकांपैकी बहुतेकांचा या विषयाशी संबंध नसेल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. आपल्या देशातील अशा पाहण्यांत 'कुटुंब' ठरते ते चुलीवरून. एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकातले जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब; छप्पर एक आणि चूल वेगळी असेल तर कुटुंबे वेगळी. हा तांत्रिक हट्ट नव्हे. गावातील सगळ्या घरांची माहिती कोणीच गोळा करीत नाही. यादीतून मोजकी कुटुंबे निवडली जातात आणि त्यातील प्रत्येक कुटुंब न निवडलेल्या शेकडो कुटुंबांच्या वतीने बोलते. यादीतून तीन नावे गेली की गाव सोडून आलेल्या एकट्या कामगारांचा एक सबंध वर्ग कागदावरून पुसट होतो. पुढे धान्याचा, मजुरीचा, घरांचा विचार करणाऱ्याला तो दिसतच नाही. अर्थशास्त्राच्या पदवीधराला हे सांगावे लागू नये. मला ते ठाऊक होते. त्या क्षणी मात्र मला वीस लोकांच्या देखत झालेली माझी चूक एवढेच दिसत होते.

परतताना जीपमध्ये त्याने सूचनापुस्तिकेतील तो परिच्छेद उघडून माझ्यासमोर धरला. त्याच्या आवाजात विजयाचा लवलेश नव्हता, हे आज मी सांगू शकतो. मी पुस्तिका मिटली, म्हणालो, "ठीक आहे, तुमची यादी राहू द्या," आणि म्हैसूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहात बसलो. यादी वाचली. गोष्ट तेथेच संपली असती तर लिहिण्यासारखे काही नव्हते.

एप्रिलमध्ये वार्षिक गोपनीय अहवाल लिहायचे होते, ज्याला आम्ही सर्वजण 'सी.आर.' म्हणतो. त्या अन्वेषकाची आधीची वर्षे 'अतिउत्तम' होती. मी त्याच्या अहवालात लिहिले, 'कामाची जाण आहे. वरिष्ठांशी वागताना संयम आवश्यक,' आणि शेवटी एकूण प्रतवारी लिहिली, 'साधारण'. लिहिताना मला राग आलेला नव्हता. उलट मी शिस्तीचे रक्षण करीत आहे, पदाची प्रतिष्ठा सांभाळीत आहे, असे एक शांत समाधान होते. अहंकाराची ही खूण मी तेव्हापासून जपून ठेवली आहे: तो स्वतःच्या नावाने कधी येत नाही. शिस्त, प्रतिष्ठा, परंपरा, संस्थेचे हित असे कोणते तरी भारदस्त नाव घेऊन तो येतो.

ते दिवस मला आणखी एका कारणाने आठवतात. १२ एप्रिल २००६ रोजी कन्नड चित्रपटसृष्टीचे डॉ. राजकुमार निवर्तले. सारे राज्य शोकात बुडाले होते आणि चौकाचौकांत फलक लागले होते. फलकांवर पुनःपुन्हा येणारा 'अभिमानी' हा शब्द मी अडखळत वाचला आणि कार्यालयातील शिपायाला विचारले की हे गर्विष्ठ लोक कोण? तो चकित झाला. कानडीत 'अभिमानी' म्हणजे चाहता. राजकुमार आपल्या चाहत्यांना 'अभिमानी देवरुगळु', म्हणजे चाहतेरूपी देव म्हणत. मला या शब्दयोगाची गंमत वाटली, मी घरी येऊन ती पत्नीला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी ते अहवाल पाकिटात घालून, लाख लावून पुढे पाठवले. कानडीतला अभिमान दुसऱ्याच्या गुणाकडे पाहतो, एवढा साधा धडा समोर भिंतीवर लिहिलेला असूनही मला तो वाचता आला नाही.

त्या काळी सी.आर. खरोखरच गोपनीय असे. स्पष्ट प्रतिकूल शेरा असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवला जाई. 'साधारण' हा प्रतिकूल मानला जात नसे; म्हणून तो कळवला जात नसे; आणि तरीही पदोन्नती समितीपुढे तोच माणसाला अडवीत असे. न कळणाऱ्या शेऱ्यामुळे माणूस वर्षानुवर्षे मागे राही आणि कारण विचारायलाही जागा नसे. हे चित्र बदलले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १२ मे २००८ च्या देव दत्त विरुद्ध भारत सरकार या निर्णयाने. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या अधिकाऱ्याची पदोन्नती 'चांगला' या शेऱ्याने अडली होती, कारण पदासाठी 'अतिउत्तम' हवे होते. न्यायालयाने सांगितले की शेरा कोणताही असो, तो संबंधिताला कळवलाच पाहिजे. मे २००९ मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचे आदेश काढले. एप्रिल २०१० च्या आदेशाने मागील वर्षांचे अहवालही त्या कक्षेत आणले: पदोन्नतीसाठी विचारात येणाऱ्या जुन्या अहवालात आवश्यकतेपेक्षा खालची प्रतवारी असेल, तर समितीपुढे ठेवण्याआधी त्याची प्रत संबंधिताला द्यावी आणि पंधरा दिवसांत त्याला अभिवेदन करू द्यावे. पुढे २०१३ साली सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व पक्के केले.

२०१० च्या उत्तरार्धात मी दिल्लीत होतो. एके दिवशी टपालात एक नस्ती आली. त्या अन्वेषकाने २००५-०६ च्या अहवालाविरुद्ध अभिवेदन केले होते आणि प्रतिवेदन अधिकारी म्हणून माझे अभिप्राय मागवले होते.

अभिवेदन एका पानाचे होते. त्यात गयावया नव्हती आणि माझ्यावर एकही आरोप नव्हता. त्या वर्षी पूर्ण केलेल्या गावांची संख्या, दुरुस्तीसाठी परत आलेल्या तक्त्यांची संख्या आणि आधीच्या-नंतरच्या वर्षांची प्रतवारी, एवढीच माहिती होती. शेवटी लिहिले होते की वागण्यात उणीव असल्यास ती त्याच वेळी सांगितली गेली असती तर सुधारता आली असती. कडकोळचा उल्लेखही नव्हता.

ते वाचून मी संतापलो. चार वर्षांनंतर, दोन हजार किलोमीटर दूर, त्या खोलीसमोरचे हसणे पुन्हा कानांत घुमले. त्या संध्याकाळी मी दोन पानांचा अभिप्राय तयार केला. नियमांचे हवाले होते, 'एकंदर आकलन' होते, 'प्रतिवेदन अधिकाऱ्याचा विवेकाधिकार' होता. भाषा निर्दोष होती. फक्त पुराव्यासाठी एखादे उदाहरण हवे होते, म्हणून रविवारी ट्रंकेतून २००६ ची दौरा डायरी काढली. जानेवारीचे पान उघडले. कडकोळच्या नोंदीखाली माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'चाळ – चार चुली. यादी बरोबर. माझी चूक.'

म्हणजे त्या रात्री मला कळले होते. डायरीला मी खरे सांगितले होते आणि तीन महिन्यांनी सरकारला खोटे. डायरी कोणी वाचणार नव्हते, म्हणून ती खरी होती. अहवालही कोणी वाचणार नव्हते, म्हणून तो खोटा होऊ शकला. दोन्ही कागद गुप्तच होते. एकाची झळ मला, दुसऱ्याची दुसऱ्याला.

अॅडम स्मिथला आपण 'राष्ट्रांची संपत्ती' लिहिणारा म्हणून ओळखतो. परंतु त्याचा पहिला मोठा ग्रंथ नैतिक भावनांविषयीचा, १७५९ सालचा. १७९० मध्ये, मृत्यूच्या वर्षी निघालेल्या आवृत्तीत त्याने सद्गुणांवर एक नवा भाग घातला आणि त्यात मानी माणूस आणि मिरवणारा माणूस यांतला फरक सांगितला. मानी माणसाला आपली योग्यता आतून पटलेली असते. मिरवणाऱ्याला ती आतून पटलेली नसते, म्हणून ती त्याला इतरांच्या डोळ्यांत शोधावी लागते. एम.ए.च्या वर्गात स्मिथच्या टाचणीच्या कारखान्यावर मी दहा पाने लिहिली होती. हे मात्र मला डायरीच्या त्या पानावर समजले. ज्याला आपले काम येते याची खात्री आहे, त्याला वीस लोकांचे हसणे इतके का लागावे? त्या अन्वेषकाला स्वतःच्या यादीची खात्री होती. म्हणून तो जानेवारीत शांत होता आणि चार वर्षांनीही शांत होता.

दोन पानांचा अभिप्राय फाडला आणि अर्ध्या पानाचा लिहिला. त्या वर्षीचे त्याचे काम मागील वर्षांपेक्षा कमी प्रतीचे असल्याचा कोणताही आधार माझ्यापाशी नाही. शेऱ्यातील वागणुकीचा उल्लेख एका प्रसंगावरून असून त्या प्रसंगी त्याचे म्हणणे नियमानुसार बरोबर व माझे चुकीचे होते. प्रतवारी 'अतिउत्तम' अशी सुधारण्यास माझी हरकत नाही. सही करताना हात जड झाला होता, हे लपवत नाही. सक्षम अधिकाऱ्याने प्रतवारी सुधारली आणि पदोन्नती मिळाली. परंतु मधल्या वर्षांत त्याच शेऱ्यामुळे एका मोठ्या प्रशिक्षणासाठीच्या निवडीत त्याचे नाव मागे पडले होते, हे मला नंतर कळले. ती संधी कोणत्याही आदेशाने परत देता येण्यासारखी नव्हती.

म्हैसूरला असताना मी कित्येकदा कृष्णराजसागर पाहायला गेलो आणि प्रत्येक पाहुण्याला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याविषयी सांगितले. आपल्याला ते जवळचे. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यालयात, १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचे. १९०८ मध्ये त्यांनी मुदतीआधीच ती नोकरी सोडली, १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. त्यांच्या कणखरपणाच्या गोष्टी सर्वांना आवडतात. मला आता त्यांच्या आयुष्यातला कमी सांगितला जाणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. १९१८ मध्ये महाराजांनी सरकारी नोकऱ्यांत मागे राहिलेल्या समाजांना वाटा देण्याचा विचार करण्यासाठी न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते धोरण मान्य नव्हते आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. त्या वादात काळाने महाराजांच्या बाजूने कौल दिला असे माझे मत आहे. थोर माणसाचे प्रत्येक मत थोर असलेच पाहिजे असे नाही. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. त्याच संस्थानाचा भद्रावतीचा लोखंड कारखाना अडचणीत होता, तेव्हा १९२३ पासून त्यांनी त्याच्या मंडळाचे अध्यक्षपद पत्करून तो सावरला. जेथे दिवाण होते, तेथे एका कारखान्याचा हिशेब पाहायला बसले. खुर्ची सोडणे स्वाभिमानी माणसालाही जमते आणि अहंकारी माणसालाही. सोडलेल्या घरी लहान कामासाठी परत येणे मात्र अहंकाराला जमत नाही. आपले चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम हाती घेतले, हेही येथे आठवते.

त्या तरुण अधिकाऱ्याला मी आता असे सांगेन: अभिमान कामाचा असतो. म्हणून तेच काम दुसऱ्याने अधिक चांगले केले, तर खरा अभिमान वाढतो. यादी अचूक झाली याचा आनंद होतो, ती कोणी केली हा प्रश्न नंतरचा. अहंकार स्वतःचा असतो. दुसरा बरोबर ठरला की तो उणावतो आणि त्याची भरपाई मागतो. आपल्या हाताखालच्या माणसाने आपली चूक दाखवली, त्या क्षणी मनात पहिली गोष्ट कोणती आली, एवढे प्रामाणिकपणे पाहावे. आणि ज्या दिवशी तसे घडले असेल, त्या दिवशी कोणाच्याही अहवालावर शेरा लिहू नये.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांसाठी आणखी एक गोष्ट. परमुलखात माणसाची ओळख अर्धी होते. आपले आडनाव, आपले गाव, आपली भाषा यांना तेथे वजन नसते. मग जे काही हाती असते, पद किंवा पदवी किंवा 'आमच्याकडे असे नसते' हे वाक्य, त्याला आपण अधिक घट्ट धरतो. कडकोळला माझे तेच झाले. भाषा येत नव्हती, म्हणून हुद्दा बोलू लागला. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्याने शेजाऱ्याची भाषा शिकावी, याला माझ्या लेखी उदारतेपेक्षा व्यावहारिक कारण अधिक आहे: न समजणारे प्रत्येक हसणे मग आपल्यावरचे वाटत नाही.

गेल्या वर्षी एका विवाहाच्या निमित्ताने म्हैसूरला गेलो तेव्हा त्या सहकाऱ्याला भेटलो. आता तो स्वतः अधिकारी आहे आणि दहाबारा जणांचे अहवाल लिहितो. कानडीत, चुकत-माकत, मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, "बिडी सार," म्हणाला, म्हणजे जाऊ द्या. मी फार दिवसांचा प्रश्न विचारला, त्या दिवशी लोक का हसले होते? त्याला आठवायला वेळ लागला. त्या चौघांत मिठाच्या डब्यावरून भांडण झाले होते आणि तेव्हापासून चार चुली झाल्या होत्या. त्यांच्यातल्या एकाने सांगितले होते की भांडण मिटले आहे, पण आता चौथा स्टोव्ह विकत कोण घेणार? लोक त्यावर हसले होते.